खाडीपलीकडे लेझरने इंटरनेट: कोकण किनाऱ्यावर नव्याने जोडणी करणाऱ्यांसाठी

दाभोळच्या जेटीवर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं, पण फेरीबोट चुकली तर खेड-चिपळूणचा वळसा घालूनच गुहागर तालुक्यात उतरायचं. बागमांडला-वेश्वी, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, सगळीकडे हीच तऱ्हा. इंटरनेटची केबलही याच वळशाने येते. वाटेत हायवेच्या कामावरचा एखादा जेसीबी ती तोडतो, आणि चक्रीवादळात झाडं पडली की पोलांवरची केबल पोलांसकट आडवी होते. २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या गावांनी वीज आणि फोन येण्याची किती वाट पाहिली, ते तिथल्या लोकांना सांगायला नको.

काठावरून काठावर अदृश्य प्रकाशाचा झोत टाकून त्यातून डेटा पाठवायचा, हा त्यावरचा एक उपाय. फायबरमध्ये काचेच्या तारेतून जो लेझर जातो, तोच इथे उघड्या हवेतून जातो. कल्पना नवी नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८० मध्ये सूर्यप्रकाशाच्या झोतावरून आवाज पाठवून दाखवला होता. आपल्या खाड्यांशी जुळणारं अलीकडचं उदाहरण काँगो नदीचं आहे. ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही समोरासमोरची शहरं, मध्ये नदी, आणि केबल न्यायची तर ४०० किलोमीटरहून जास्त वळसा. तेव्हा गूगलच्या मूळ कंपनीत असलेल्या 'तारा' या प्रकल्पाने २०२१ मध्ये तिथे ४.८ किलोमीटरची लेझर जोडणी चालवली आणि २० दिवसांत जवळपास ७०० टेराबाइट डेटा पलीकडे नेला. त्यांची यंत्रं झोत स्वतःहून नेमका धरून ठेवतात. आपल्याला परवडणारी बहुतेक यंत्रं तसं करत नाहीत, म्हणून त्यांचे आकडे आपल्या खाडीला जसेच्या तसे लावू नका.

आधी विचारा: लागतंय का?

दोन खोल्यांचा होमस्टे असेल, व्हिडिओ कॉल आणि पाहुण्यांचं वायफाय एवढीच गरज असेल, तर लेझरच्या फंदात पडू नका. ५ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओ डिशची जोडी काही हजारांत येते, शंभर-दोनशे एमबीपीएस आरामात देते आणि गावातला केबलवालाही बसवून देतो. खाडीवर पूल असेल तर पुलाच्या कडेने फायबर न्यायची परवानगी मिळते का ते आधी बघा. मिळाली तर हा लेख इथेच सोडा.

पलीकडच्या काठावर पाच-पंचवीस वाड्यांना जोडणी द्यायची आहे, कॉलेज किंवा हॉस्पिटलच्या दोन इमारतींमध्ये खाडी आहे, बंदरावरच्या कॅमेऱ्यांचा सगळा डेटा एका जागी आणायचा आहे, म्हणजे १ जीबीपीएस (हजार एमबीपीएस) किंवा त्याहून जास्त वेग खरोखर वापरला जाणार आहे, तिथे लेझर शोभतो. यंत्रांची जोडी लाखांच्या भाषेत जाते, हे मनात धरूनच पुढे या.

लेझरच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे आणि तो खास खाडीचा आहे. रेडिओचा झोत रुंद असतो, त्याचा काही भाग पाण्यावर आपटून परावर्तित होतो आणि सरळ आलेल्या लहरीत मिसळतो. भरती-ओहोटीला पाणी वरखाली झालं की हे मिसळणं बदलतं. मग दिवसातून ठरावीक वेळांना सिग्नल पडतो आणि उधाणाच्या दिवसांत जास्तच पडतो. बसवणारा डिश हलवून हलवून थकतो, दोष मात्र पाण्याचा असतो. लेझरचा झोत अरुंद असल्याने तो पाण्याला शिवतच नाही.

पावसाला नव्हे, धुक्याला भ्या

पहिला प्रश्न ठरलेला: "आपल्याकडच्या पावसात टिकेल काय हो?" उत्तर बहुतेकांना उलटं वाटतं. अंतर कमी असेल तर पाऊस सोसवतो, धुकं सोसवत नाही.

कारण कणांच्या मापात आहे. १ मिलिमीटरचा एक थेंब फोडून १० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, कण केले तर १० लाख कण होतात, आणि पाणी तेवढंच असूनही ते प्रकाशाची वाट शंभरपट जास्त अडवतात. धुकं म्हणजे हेच बारीक कण. मोबाईल टॉवरवर जे ७०-८० गिगाहर्ट्‌झचे रेडिओ लावतात त्यांचं उलट असतं: त्यांची लहर सुमारे ४ मिलिमीटरची, म्हणजे पावसाच्या थेंबाच्या मापातली, त्यामुळे त्यांना धुक्याचं काही वाटत नाही पण आषाढातली सर आडवी येते.

आता थोडा हिशेब. प्रकाश किती घटला हे डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल घट म्हणजे दहावा हिस्सा उरला, २० म्हणजे शंभरावा, ३० म्हणजे हजारावा. ताशी ५० मिलिमीटरच्या पावसात लेझर दर किलोमीटरला साधारण १५ डेसिबल गमावतो. ताशी १०० मिलिमीटरचा, म्हणजे समोरचं काही सुचू न देणारा पाऊस असेल तर सुमारे २३. पण २०० मीटरच्या पुढचं दिसत नाही अशा दाट धुक्यात हा आकडा ८५ च्या आसपास जातो. ८०० मीटरची खाडी धरा: त्या जबर सरीत जातील १८-१९ डेसिबल, धुक्यात ६८. पहिलं यंत्राला झेपतं, दुसरं कुठल्याच यंत्राला झेपणार नाही.

धुक्याचा आकडा काढायची युक्ती सोपी आहे. दृश्यता किती किलोमीटर आहे ते घ्या आणि १७ ला त्याने भागा, दर किलोमीटरची घट साधारण तेवढी. यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. समोरच्या काठावरची काळपट वस्तू, एखादं कौलारू छप्पर म्हणा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसत असेल, तर खाडी अर्धा किलोमीटरची असो की दोनची, एकूण घट १७ डेसिबलच्या जवळपास असते. म्हणून विक्रेत्याला रेंज विचारू नका. आपलं नेमकं अंतर सांगा आणि विचारा, "या अंतराला स्वच्छ हवेत किती डेसिबल मार्जिन शिल्लक राहतं?" मार्जिन म्हणजे जोडणी तुटण्याआधी आणखी किती घट सोसवेल ते. उत्तर २० च्या वर असेल तर समोरचा काठ दिसतोय तोवर जोडणी चालेल. ३५ असेल तर काठ दिसेनासा झाल्यावरही काही वेळ तगेल. उत्तरच देता आलं नाही तर दुसरा विक्रेता बघा.

मग धुकं किती पडतं हे कुणाला विचारायचं? आंबा बागायतदाराला. मोहर आलेला असताना पडलेलं प्रत्येक धुकं त्याच्या लक्षात असतं, कारण मागोमाग भुरी आणि तुडतुड्याची फवारणी येते. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या किती सकाळी बाग दिसत नव्हती आणि ऊन किती वाजता पडलं, एवढं त्याच्याकडून काढून घ्या. खाडीच्या तोंडाशी आणि पंधरा-वीस किलोमीटर आत नदीच्या खोऱ्यात फरक पडतो, आत धुकं जास्त बसतं. आंबोलीसारख्या घाटमाथ्याला तर पावसाळाभर ढगच जमिनीवर टेकलेला असतो. तिथे लेझर लावणं म्हणजे पैसे ढगात घालणं.

जागा

दोन्ही टोकांमध्ये सरळ नजर हवी हे उघड आहे. पण नजर आज मोकळी असून भागत नाही. माड वाढतो, आणि झावळी वाऱ्यात दोन-तीन मीटर इकडेतिकडे झोडपते. मे महिन्यात मोकळी वाटणारी रेष जूनच्या वाऱ्यात दर चार सेकंदांनी तुटते. रेषेच्या आसपास माड असेल तर वर किमान पाच-सहा वर्षांची वाढ सोडा, किंवा मालकाशी आधीच बोलून ठेवा. आंब्याची फांदी तोडू म्हणालात तर मात्र चहासुद्धा मिळणार नाही.

होड्यांचं विसरू नका. पावसाळी मासेमारी बंदीत ट्रॉलर खाडीत आत येऊन नांगर टाकतात आणि भरतीला त्यांच्या काठ्या चांगल्या उंच येतात. रेषा ठरवायची ती उधाणाची भरती आणि सर्वांत उंच होडी धरून, ओहोटीच्या दुपारी नव्हे.

झोत सड्यावरून किंवा पत्र्याच्या छपरावरून घासून जात असेल तर टाळा. तापलेल्या कातळावरची हवा दुपारी थरथरते, आणि तीच थरथर लेझरच्या सिग्नलमध्ये उतरते. चार-पाच मीटर वर चढवलं की पुष्कळ फरक पडतो.

आता सूर्य. घेणाऱ्या भिंगात थेट सूर्य शिरला की तेवढी मिनिटं यंत्र आंधळं होतं. कोकणच्या अक्षांशावर सूर्य वर्षभरात साधारण २४५ ते २९५ अंशांच्या पट्ट्यात मावळतो आणि ६५ ते ११५ च्या पट्ट्यात उगवतो. मोबाईलच्या होकायंत्रावर समोरच्या टोकाची दिशा घ्या. ती या पट्ट्यात नसेल तर चिंता मिटली. आपल्या बहुतेक खाड्या पूर्व-पश्चिम वाहतात, त्यामुळे त्या ओलांडणारी रेष दक्षिणोत्तर पडते आणि हा प्रश्न येत नाही. किनाऱ्यावरून समोरच्या बेटाकडे किंवा जलदुर्गाकडे बघणारी रेष असेल तर येतो. तिथे वर्षातून दोनदा, काही दिवस, मावळतीला काही मिनिटं जोडणी जाईल असं धरूनच चला.

यंत्र घेताना

प्रकाशलहरीच्या लांबीवरून बाजारात ८५० नॅनोमीटरच्या आसपासची आणि १५५० नॅनोमीटरची अशी दोन घराणी आहेत. डोळ्यांच्या दृष्टीने १५५० बरी, कारण तो प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, पडद्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे त्यात जास्त शक्तीही वापरता येते. लेबलवर 'क्लास १' किंवा 'क्लास १एम' लिहिलेलं पाहा. १एम म्हणजे नुसत्या डोळ्याला सुरक्षित, पण दुर्बिणीतून बघितलं तर धोका. हे लेबल छपरावर चढणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा. झोत दिसत नाही म्हणून तो नाही असं नव्हे.

दुसरा आकडा झोताच्या पसरण्याचा, मिलीरेडियनमध्ये. १ मिलीरेडियन म्हणजे किलोमीटरला १ मीटर. २ मिलीरेडियनचा झोत किलोमीटरवर २ मीटर रुंद होतो. २० सेंटिमीटरच्या भिंगात त्यातला शंभरावा भागच शिरतो, म्हणजे २० डेसिबल तिथेच गेले. पसरणं कमी तितका प्रकाश जास्त पोचतो, पण नेम तितकाच काटेकोर लागतो. आपोआप नेम धरणारं यंत्र नसेल तर फार अरुंद झोताचा मोह नको, कारण चिऱ्याची भिंतसुद्धा उन्हाने दिवसभरात किंचित हलते आणि लोखंडी टॉवर तर पिळतोच.

माझं मत विचाराल तर किनाऱ्यावर साध्या यंत्राने ८००-९०० मीटरच्या पुढे जाऊ नये. नेम धरणारं यंत्र असेल तर दीड-दोन किलोमीटरचा विचार करा, आणि तिथेही मार्जिनचा हिशेब कागदावर मांडूनच.

बसवणं

घराच्या कौलावर किंवा पत्र्यावर नाही. स्लॅबच्या कोपऱ्यात, खाली कॉलम असेल तिथे, जाड पाइप काँक्रीटमध्ये रोवून. पाइप बुटका आणि जाड असावा. उंची हवी असेल तर तीन पायांचा अँगलचा सांगाडा करून घ्या, एकेरी पाइपाला गाय-वायर (ताणाच्या तारा) लावून काम होणार नाही. फॅब्रिकेशनवाल्याला वाऱ्याबद्दल नव्हे तर हलण्याबद्दल सांगा: "मोडणार नाही" एवढं पुरेसं नाही, "हलता कामा नये" हे त्याला पटलं पाहिजे.

नट-बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या. दुकानदार ३०४ पुढे करेल, तेही चकाकतं, पण खाऱ्या वाऱ्यात वर्षा-दोन वर्षांत तांबूस ठिपके येतात. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला स्टेनलेसचा बोल्ट थेट लावला तर ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर. केबल खोक्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलाशीच ठिबकून जाईल. छिद्रं खालच्या बाजूला, रबरी ग्लँड लावून.

छपरापर्यंत डेटा शक्यतो फायबरने चढवा. वळवाच्या पावसातली वीज तांब्याच्या लॅन केबलवरून थेट घरातल्या राऊटरपर्यंत येते. करंटच्या वायरला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं यंत्र, हवाच. अर्थिंगकडे वायरमन "पाइप ठोकला की झालं" असं बघतो, पण जांभ्यात ते होत नाही. कातळ कोरडा असतो आणि वीज नीट मुरत नाही. खोल खड्डा, कोळसा-मीठ किंवा बेंटोनाइट (ओल धरणारी माती), आणि शक्य असेल तर विहिरीजवळची ओल, एवढं करून मग मीटर लावून बघा.

नेम जुळवणं

दोन्हीकडे एकेक माणूस, दोघांकडे फोन, आणि फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. वेळ सकाळी ऊन तापायच्या आत किंवा संध्याकाळी. तेव्हा हवा सगळ्यात शांत असते.

लेझर बंद ठेवून यंत्रावरच्या छोट्या दुर्बिणीतून समोरचं यंत्र आडव्या-उभ्या रेषांच्या मधोमध आणा. दोन्हीकडून झालं की दोघांनी दुर्बिणीपासून डोळे बाजूला घेतल्याचं फोनवर सांगायचं आणि मगच लेझर चालू. आता सिग्नलचा आकडा बघत एकाच टोकाने हलवायचं, दुसऱ्याने हात मागे बांधून उभं राहायचं. दोघं एकदम हलवायला लागले की संध्याकाळ गेली.

इथे हमखास होणारा संवाद:

"दादा, जरा उजवीकडे घ्या."
"माझ्या उजवीकडे की तुमच्या?"

समोरासमोर उभ्या माणसांची डावी-उजवी उलटी असते. त्यापेक्षा 'समुद्राकडे' आणि 'डोंगराकडे' असं बोला, ते दोन्ही काठांवर सारखंच असतं.

आकडा सर्वांत मोठा दिसला तिथे थांबू नका. समुद्राकडे नेत नेत सिग्नल कुठे पडतो ते बघा, स्क्रूचे फेरे मोजत डोंगराकडे कुठे पडतो ते बघा, आणि बरोबर मधे आणा. वर-खाली तसंच. म्हणजे पाइप थोडा हलला तरी दोन्ही बाजूंना जागा राहते. शेवटी बोल्ट आवळताना नेम सरकतो, म्हणून समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेरा आवळत आकड्यावर नजर ठेवा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आणि आठवड्याने पुन्हा एकदा तपासा.

जोडीला रेडिओ

लेझर एकटा कधीच लावू नका. त्याच पाइपाजवळ ५ गिगाहर्ट्‌झची साधी डिश लावा. धुक्यात लेझर गेला तर रेडिओ चालतो, भरतीने रेडिओ डळमळला तर लेझर असतोच. वेग कमी होतो, पण गावाचं यूपीआय चालू राहतं.

राऊटरवर लेझरची वाट पहिली, रेडिओची दुसरी. लेझर तुटल्यावर यंत्राने आपला नेटवर्क पोर्टही बंद केला पाहिजे, नाहीतर राऊटरला वाटतं सगळं ठीक आहे आणि डेटा हवेत जात राहतो. बऱ्याच यंत्रांत ही सोय असते पण मुळात बंद असते. दुसरं, लेझर परत आला की लगेच त्याच्यावर उडी मारू नका, पाच मिनिटं सलग टिकला तरच परत, असं बसवा. आपल्याकडच्या सरी येतात-जातात. उतावीळ राऊटर दर मिनिटाला वाट बदलत राहिला की लोकांचे कॉल तुटतात आणि फोन तुम्हाला येतात.

वीज गेली तर दोन्ही बंद, म्हणून दोन्ही टोकांना बॅटरी. पावसाळ्यात सोलरवर भिस्त नको, सलग आठ दिवस ऊन न दिसणं इथे नवल नाही.

कागदपत्रं

लेझरला स्पेक्ट्रमचं लायसन्स लागत नाही. रेडिओचे कायदे ३००० गिगाहर्ट्‌झपर्यंतच्या लहरींना लागतात आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश १,९३,००० गिगाहर्ट्‌झच्या आसपास आहे. ५ गिगाहर्ट्‌झचे पट्टेही २०१८ पासून ठरलेल्या शक्तिमर्यादेत लायसन्सविना वापरता येतात. पण जोडणी घेऊन ती पलीकडच्या लोकांना पैसे घेऊन देणार असाल तर दूरसंचार विभागाची आयएसपी (इंटरनेट सेवा देणाऱ्याची) परवानगी हवी, किंवा परवानगी असलेल्याचे भागीदार व्हा. किनाऱ्यालगत नवा टॉवर किंवा बांधकाम असेल तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची), आणि चिपीसारख्या विमानतळाच्या जवळ उंच काही उभारायचं तर विमानतळ प्राधिकरणाची चौकशी आधी करा. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला तर घ्याच, तो असला की पुढचे वाद निम्मे होतात.

निगा

काचेवर मीठ बसतं. वाऱ्याच्या दिवसांत आठवड्यातही पातळ थर येतो आणि मार्जिनमधले दोन-तीन डेसिबल हळूच खातो. कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण काच खरवडतात. आधी लेझर बंद करा, साधं स्वच्छ पाणी सोडून मीठ विरघळवा, मग मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्या. काचेपुढच्या टोपीत कोळी जाळं करतो, तेही त्याच वेळी काढा.

मोठी तपासणी आगोटीच्या कामांबरोबर, कौलं चाळायला माणूस येतो तेव्हाच उरकून घ्या: बोल्ट, ग्लँड, अर्थिंग, बॅटरी आणि रेषेतल्या झावळ्या. दुसरी नवरात्राच्या आसपास, पाऊस सरल्यावर. दोन्ही वेळी स्वच्छ हवेतला सिग्नलचा आकडा यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी आकडा कमी आला आणि काच साफ करूनही वाढला नाही, तर नेम सरकला आहे. समोरच्या काठावरच्या माणसाला फोन लावा.